कॅप्टनला ‘नाही’ कसे म्हणाल? विमान कंपनीच्या मुलाखतीची तयारी आणि डुमनाची धावपट्टी

जबलपूर : येथील डुमना विमानतळावर ४ डिसेंबर २०१५ च्या संध्याकाळी मुंबईहून आलेले स्पाइसजेटचे क्यू-४०० विमान उतरत असताना धावपट्टीवर रानडुकरे आडवी आली. त्यांना धडकून विमानाची डावी चाके निकामी झाली आणि विमान धावपट्टी सोडून बाजूच्या मातीत गेले. पुढे १२ मार्च २०२२ रोजी दिल्लीहून आलेले अलायन्स एअरचे एटीआर-७२ विमान याच धावपट्टीवर उतरताना बराच वेळ जमिनीलगत तरंगत राहिले, उशिरा टेकले आणि धावपट्टीवर थांबू शकले नाही. दोन्ही वेळी प्रवासी व कर्मचारी सुखरूप राहिले. दुसऱ्या घटनेनंतर नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजेच डीजीसीएने, दोन्ही वैमानिकांचे परवाने एका वर्षासाठी निलंबित केले.

विमान कंपनीत सहवैमानिकाच्या नोकरीसाठी मुलाखतीला निघालेल्या उमेदवाराने या दोन घटना शेजारी-शेजारी ठेवून अभ्यासाव्यात. ‘तुमच्या गावच्या विमानतळाविषयी सांगा’ हा निवड मंडळाचा आवडता आरंभ असतो. प्रश्न साधा वाटतो, पण त्यातून मंडळाला पुष्कळ काही कळते. उमेदवाराला केवळ पुस्तक पाठ आहे की आकाशातून दिसणारी जमीनही तो समजून घेतो, हे पहिल्या तीन-चार मिनिटांत उघड होते.

मुळात येथवर पोहोचणेच सोपे नाही. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र व गणित, वयाची अठरा वर्षे पूर्ण, प्रथम श्रेणीचे वैद्यकीय प्रमाणपत्र, डीजीसीएच्या लेखी परीक्षांत किमान ७० टक्के गुण, रेडिओ संभाषणाचा परवाना आणि २०० तासांचे उड्डाण लागते. त्यातील १०० तास उमेदवाराने विमानाचा प्रमुख म्हणून केलेले असावे लागतात आणि किमान ३०० सागरी मैलांचा एक लांबचा प्रवासही करावा लागतो. जबलपूरच्या तरुणांना रेल्वेने थेट जोडलेले गोंदिया हे प्रशिक्षणाचे जवळचे ठिकाण आहे. तेथील बिरसी विमानतळावर राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था चालते. खजुराहो, शिरपूर, बारामती, जळगाव, बेळगाव येथेही प्रशिक्षणाची सोय झालेली आहे. खर्च मात्र पन्नास लाख रुपयांच्या पुढे जातो. विशिष्ट जातीचे विमान चालवण्याच्या प्रशिक्षणाचा, म्हणजे टाइप रेटिंगचा, खर्च अनेकदा त्याहून वेगळा पडतो. शेत, घर किंवा वडिलांची भविष्य निर्वाह निधीची पुंजी पणाला लावून आलेली मुले-मुली या रांगेत कमी नाहीत.

२०२३ मध्ये डीजीसीएने १,६२२ व्यावसायिक परवाने दिले. त्याच वर्षी एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. या आकड्यांवरून नोकऱ्या दारात उभ्या आहेत असा समज होतो. प्रत्यक्षात मागवलेली विमाने वर्षानुवर्षे टप्प्याटप्प्याने येतात आणि कंपन्यांना सर्वाधिक टंचाई असते ती अनुभवी मुख्य वैमानिकांची. दोनशे तासांच्या नवख्या उमेदवारांची गर्दी मोठीच राहते. म्हणून लेखी परीक्षा, कलचाचणी, गटकार्य, सिम्युलेटरवरील परीक्षा आणि मुलाखत अशा चाळण्या लावल्या जातात. प्रत्येक कंपनीचा क्रम वेगळा असतो, परंतु शोध एकाच गोष्टीचा असतो : हा उमेदवार आपल्या कॅप्टनच्या उजव्या बाजूला बसून काम करू शकेल काय?

तांत्रिक मुलाखतीची तयारी सर्वसाधारणपणे ठरावीक पुस्तकांवर होते. आय. सी. जोशी यांचे हवामानशास्त्र, आर. के. बाली यांची हवाई नियमावली आणि गॅरी ब्रिस्टो यांचे मुलाखतीच्या प्रश्नोत्तरांचे पुस्तक बहुतेकांच्या पिशवीत असते. ती वाचलीच पाहिजेत. मात्र समोर बसलेल्या परीक्षकांनीही ती वाचलेली असतात आणि पाठ केलेल्या उत्तराचा सूर ते पहिल्याच वाक्यात ओळखतात. त्यामुळे ते दुसरा प्रश्न ‘का?’ असा विचारतात आणि तिसरा ‘मग तुमच्या विमानतळावर काय होईल?’ असा.

डुमनाचेच उदाहरण घेऊ. विमानतळाची उंची समुद्रसपाटीपासून १,६२४ फूट आहे. मे महिन्यात दुपारी तापमान ४२ अंशांवर गेले, तर हवेच्या विरळपणाच्या दृष्टीने ही उंची किती मानावी? प्रमाण वातावरणात या उंचीवर तापमान साधारण १२ अंश असायला हवे. प्रत्यक्षातील वाढ ३० अंशांची झाली. दर अंशाला सुमारे १२० फूट या हिशेबाने ३,६०० फूट वाढतात आणि बेरीज ५,२०० फुटांच्या आसपास जाते. उन्हाळ्यात हवेचा दाब प्रमाणापेक्षा कमी असतो, म्हणून प्रत्यक्ष आकडा आणखी थोडा वर सरकतो. म्हणजे जबलपूरच्या धावपट्टीवर उभे असलेले विमान त्या दुपारी जवळपास कळसूबाईच्या शिखरावर उभे असल्यासारखे वागते. इंजिनाचा जोर कमी, पंखांची उचल कमी आणि धावण्याचे अंतर अधिक. ज्याने हा हिशेब स्वतः एकदा कागदावर केला आहे, त्याला ‘घनता-उंची म्हणजे काय’ या प्रश्नाची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

तोंडी हिशेबांची अशी आणखी काही उदाहरणे आहेत. डुमनाची धावपट्टी ०६ आणि २४ या दिशांची आहे. धावपट्टी ०६ वर उतरताना वारा १०० अंशांवरून २० नॉट वेगाने येत असेल, तर आडवा वारा किती? कोन ४० अंशांचा. घड्याळाच्या पद्धतीने ४० मिनिटे म्हणजे तासाचे दोन तृतीयांश, म्हणून आडवा वारा सुमारे १३ नॉट. ३६,००० फुटांवरून डुमनासाठी खाली येणे केव्हा सुरू करावे? उतरायची उंची सुमारे ३४,४०० फूट, हजारी आकड्याला तीनने गुणले की १०३ सागरी मैल, आणि वेग कमी करण्यासाठी आणखी दहा. तीन अंशांच्या उतारावर ११० नॉट जमिनीवरील वेग असेल, तर खाली येण्याचा दर वेगाच्या पाचपट, म्हणजे मिनिटाला ५५० फूट. ही गणिते कठीण नाहीत. कठीण असते ती चार अनोळखी माणसे टक लावून पाहत असताना ती करणे. म्हणून ती रोज मोठ्याने, चालता-बोलता करावीत. परीक्षकासमोर उत्तर चुकले तरी चालते, मात्र पद्धत ऐकू आली पाहिजे. गप्प राहून एकदम आकडा सांगणाऱ्यापेक्षा टप्पे बोलून दाखवणारा उमेदवार मंडळाला अधिक भरवशाचा वाटतो, कारण विमानाच्या कक्षात दुसऱ्या वैमानिकाला ऐकू न आलेला विचार निरुपयोगी असतो.

हवामानावरचे प्रश्नही याच मार्गाने येतात. डुमनाचा हवामान संदेश उघडून त्यातील प्रत्येक गट वाचता यावा. डिसेंबर-जानेवारीत नर्मदेच्या खोऱ्यात पहाटे धुके का साचते, ते सूर्य वर आल्यावर का विरते, आणि दृश्यमानता ठरवून दिलेल्या मर्यादेखाली असेल तर विमानतळापासून हजार फूट उंचीच्या खाली जाण्यास मनाई का आहे, हे एका सलग उत्तरात सांगता आले, तर हवामानशास्त्र आणि नियमावली हे दोन्ही विषय तेथेच संपतात.

आता पुन्हा त्या दोन घटनांकडे. २०१५ च्या घटनेत धावपट्टीवर प्राणी येऊ न देण्याची पहिली जबाबदारी विमानतळाची होती. डुमनाच्या परिसरात निसर्ग उद्यान आणि खंदारी जलाशय आहे, वन्यजीवांचा वावर आहे, त्यामुळे कुंपण व गस्त यांना येथे विशेष महत्त्व आहे. रात्रीच्या अंधारात चाके टेकण्याच्या क्षणी समोर आलेल्या जनावरापुढे वैमानिकाला फारसा पर्याय उरत नाही. उमेदवाराने हे स्पष्टपणे म्हणावे. प्रत्येक अपघातात वैमानिकाची चूक शोधून दाखवणे म्हणजे चौकस बुद्धी नव्हे.

२०२२ च्या घटनेत मात्र निर्णयाला वाव होता. ११० नॉट वेगाने जाणारे विमान एका सेकंदात सुमारे ५७ मीटर अंतर कापते. जमिनीलगत पाच सेकंद तरंगले तर २८० मीटरहून अधिक धावपट्टी मागे पडते. त्या काळी डुमनाची धावपट्टी १,९८८ मीटर लांब होती. म्हणजे पाच सेकंदांत तिचा सातवा हिस्सा गेला. पाठीमागून वारा असेल किंवा धावपट्टी ओली असेल तर हिशेब आणखी बिघडतो. यावर उपाय एकच असतो : ठरलेल्या टप्प्यात चाके टेकली नाहीत, तर शक्ती देऊन पुन्हा वर जाणे. वैमानिकांच्या भाषेत यालाच गो-अराउंड म्हणतात. एकदा चाके टेकून उलट्या जोराचे यंत्र चालू केले की हा मार्ग बंद होतो आणि मग थांबण्यावाचून गत्यंतर नसते. धावपट्टी आता २,७५० मीटरपर्यंत वाढवण्यात आली आहे. ‘मग आता प्रश्न मिटला का?’ असे मंडळाने विचारले, तर लांब धावपट्टीने मोकळीक वाढते, पण तरंगण्याची सवय जात नाही, एवढे उत्तर पुरे.

यापुढचा प्रश्न सर्वांत अवघड आणि सर्वाधिक विचारला जाणारा आहे. विमान कॅप्टन चालवत आहे. उतरण अस्थिर आहे, वेग जास्त आहे, धावपट्टी मागे पडत आहे. तुम्ही म्हणालात, ‘गो-अराउंड’. कॅप्टनने ऐकले नाही. आता तुम्ही काय कराल?

या प्रश्नामागे दोन मोठ्या अपघातांचा इतिहास आहे. मंगळूर येथे २२ मे २०१० रोजी एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान धावपट्टीपलीकडच्या दरीत कोसळून १५८ जणांचा मृत्यू झाला. चौकशी न्यायालयाने नोंदवले की सहवैमानिकाने तीन वेळा ‘गो-अराउंड’ म्हटले होते. कोझिकोड येथे ७ ऑगस्ट २०२० रोजी पावसात त्याच कंपनीचे विमान धावपट्टीच्या जवळजवळ मध्यावर टेकले, टोकापलीकडे गेले आणि २१ जण मरण पावले. तेथेही सहवैमानिकाने परत वर जाण्याची सूचना केली होती. मात्र कोझिकोडच्या तपास अहवालाने आणखी एक गोष्ट संभाव्य कारणांत मांडली : सूचना पाळली गेली नाही, तेव्हा सहवैमानिकाने स्वतः ताबा घेऊन विमान वर न्यायला हवे होते, ते झाले नाही.

म्हणजे ‘मी कॅप्टनना सांगेन’ हे अर्धेच उत्तर आहे. पूर्ण उत्तर पायऱ्यांनी दिले जाते. प्रथम विचारणे : ‘सर, वेग पंधरा नॉट जास्त आहे, पाहता का?’ मग सावध करणे : ‘आपण ठरलेल्या मर्यादेबाहेर आहोत.’ मग ठाम शब्दांत ठरलेली आज्ञा : ‘गो-अराउंड.’ आणि तरीही काही घडले नाही, तर कंपनीच्या कार्यपद्धतीप्रमाणे ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणून ताबा घेणे. जमीन शंभर फुटांवर असेल तर पहिल्या दोन पायऱ्यांना वेळच नसतो, थेट तिसरीपासून सुरुवात करावी लागते. हा तपशील फार थोडे उमेदवार सांगतात. चाके टेकल्यानंतर, ब्रेक व उलटा जोर चालू असताना ताबा हिसकावणे अधिक धोक्याचे ठरू शकते, हेही बोलून दाखवावे.

मराठी घरातल्या मुलांना हे उत्तर ऐकायला सोपे आणि द्यायला जड जाते. मोठ्यांना उलट बोलू नये या शिकवणीत आपण वाढलेलो असतो आणि कॅप्टन हा वीस-पंचवीस वर्षांनी मोठा, कित्येकदा हवाई दलातून आलेला माणूस असतो. आदर सोडण्याची येथे गरज नाही. ‘सर’ म्हणूनही वेग चुकला आहे असे सांगता येते. मंडळाला उद्धट उमेदवार नको असतो, पण मुका तर मुळीच नको असतो. याचा सराव आरशापुढे होत नाही. मित्राला कॅप्टन करून समोर बसवावे, त्याने मुद्दाम दुर्लक्ष करावे आणि आपण आवाज न चढवता शब्द चढवत न्यावेत. पहिल्या दोन-तीन वेळा जीभ अडखळते, मग ती सरावते.

अपघातांविषयी बोलताना एक पथ्य पाळावे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांप्रमाणे अपघाताच्या तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणे हा असतो, दोष वाटणे नव्हे. अहमदाबादला १२ जून २०२५ रोजी झालेल्या अपघातासारखा विषय निघाला, तर अधिकृत अहवालात नोंदलेले असेल तेवढेच सांगावे. दूरचित्रवाणीवरील चर्चांतून ऐकलेले तर्क, विशेषतः दिवंगत वैमानिकांच्या मनात काय होते याविषयीचे, मंडळासमोर मांडणाऱ्याची नोंद चांगली होत नाही, आणि ते योग्यच आहे.

उड्डाणाची नोंदवही हा मुलाखतीतील दुसरा कस. परीक्षक ती चाळतात, एखाद्या दिवसावर बोट ठेवतात आणि त्या उड्डाणाविषयी विचारतात : कोणते विमान, कोणती धावपट्टी, वारा कसा होता, परतताना काय झाले. न उडता लिहिलेल्या तासांना या क्षेत्रात पार्कर पेनाच्या नावावरून ‘पी-५१’ म्हणण्याची जुनी चेष्टा आहे. ती परीक्षकांना चांगली ठाऊक असते. २०११ मध्ये गोव्यात एक विमान नाकाच्या चाकावर उतरवले गेले, त्या प्रकरणाच्या तपासातून वरिष्ठ परवान्यासाठी बनावट गुणपत्रिका दिल्याचे प्रकार बाहेर आले आणि देशभर परवान्यांची तपासणी सुरू झाली. तेव्हापासून कागदपत्रांकडे पाहण्याची नजर कडक झाली आहे. नोंदवहीतील बेरजा, डीजीसीएच्या संकेतस्थळावरील नोंदी आणि अर्जातील आकडे तंतोतंत जुळले पाहिजेत. एखादी परीक्षा दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाली असेल, तर विचारल्यावर तसे सांगून टाकावे. पहिल्या वेळी कोठे कमी पडलो आणि अभ्यासात काय बदलले, हे दोन वाक्यांत सांगता येते.

वैयक्तिक प्रश्नांत ‘आमचीच कंपनी का?’ हा ठरलेला असतो. कंपनीची विमाने, तिचे तळ, मार्ग यांची माहिती असावीच, पण स्तुतिपाठ नको. कामाच्या तासांचे नवे नियमही माहीत हवेत : आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेण्यात आली, रात्रीची व्याख्या पहाटे सहापर्यंत वाढली आणि रात्रीच्या कामात उतरण्याची संख्या दोनवर आणली गेली. ‘थकवा आला असेल तर उड्डाणाला नकार द्याल का?’ याचे उत्तर होकारार्थीच असले पाहिजे. मद्यपानाच्या चाचणीबाबतही तसेच. उड्डाणाआधी बारा तास मद्य वर्ज्य आहे आणि पहिल्या गुन्ह्यालाही परवाना तीन महिने निलंबित होतो.

महिला उमेदवारांना लग्न, मूल, रात्रपाळी यांविषयी आडून विचारले जाते, अशी तक्रार आजही ऐकू येते. कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी इंडियन एअरलाइन्सच्या फॉकर फ्रेंडशिप विमानातून कोलकाता-सिलचर मार्गावर केवळ महिला वैमानिकांचे उड्डाण १९८५ मध्ये केले होते. देशातील वैमानिकांत महिलांचे प्रमाण आता सुमारे १५ टक्के आहे, जगाच्या सरासरीच्या कितीतरी वर. अशा प्रश्नाला ‘कामाच्या वेळापत्रकाचे सर्व नियम मला मान्य आहेत’ एवढे शांत उत्तर पुरेसे आहे. त्यापलीकडे खुलासा देण्याचे बंधन कोणावर नाही.

इंग्रजीची भीती लहान शहरांतील उमेदवारांत अधिक आढळते. जबलपूरच्या मराठी घरात मराठी, रस्त्यावर हिंदी आणि कक्षात इंग्रजी अशी तिहेरी कसरत असते. परवान्यासाठी आंतरराष्ट्रीय श्रेणीतील चौथी पातळी लागते. तिचा रोख समजण्याजोगा उच्चार, ओघ आणि ऐकून नेमके समजणे यांवर असतो. साहेबी ढंगाला तेथे गुण नाहीत. घरच्या एखाद्या माणसाला, शक्य तर विमानाशी काहीही संबंध नसलेल्या माणसाला, विमान का उडते हे सोप्या शब्दांत आधी मराठीत समजावून पाहावे. आजीला समजले नाही, तर आपल्यालाही पुरते समजलेले नाही असे मानावे आणि पुस्तक पुन्हा उघडावे. मराठीत स्वच्छ झालेला विचार इंग्रजीत लहान वाक्यांनी सांगता येतो.

सिम्युलेटरवरील परीक्षेत नवख्याकडून सफाईची अपेक्षा नसते. उंची, दिशा आणि वेग यांवरची नजर फिरती राहते का, सांगितलेली चूक पुढच्या फेरीत सुधारते का, हे पाहिले जाते. परीक्षेआधी एक-दोन तास सशुल्क सराव करणे उपयोगी ठरते. त्याहून अधिक खर्च करण्यात फारसा अर्थ नाही.

निवड झाल्यावर हाती येणारा करार घरच्यांसह सावकाश वाचावा. टाइप रेटिंगचा खर्च कोणाचा, तो वेतनातून कापला जाणार का, बंधपत्राची मुदत किती, प्रशिक्षणात अनुत्तीर्ण झाल्यास पैसे परत मिळतात का, आणि प्रशिक्षण संपूनही विमान उपलब्ध नसेल तर त्या महिन्यांचे वेतन मिळते का, हे प्रश्न लेखी विचारावेत. नोकरी सोडायची झाल्यास डीजीसीएच्या नियमानुसार सहवैमानिकाला सहा महिने आणि कमांडरला एक वर्ष आधी सूचना द्यावी लागते. कर्जाचा पहिला हप्ता परवाना मिळण्याच्या आधीही सुरू होऊ शकतो, त्यामुळे बँकेशी सवलतीच्या मुदतीविषयी बोलणे मुलाखतीची तारीख येण्यापूर्वीच उरकून घेणे बरे.